ओला कचरा आणि गांडुळांची बादली

'गांडूळ हा शेतकऱ्याचा मित्र आहे' हे वाक्य महाराष्ट्रातल्या जवळजवळ प्रत्येक मुलाने कधी ना कधी वहीत लिहिलेले असते. परीक्षेत त्याला गुणही मिळतात. पण पावसाळ्यात त्याच मुलाच्या घरी मोरीतून एखादे गांडूळ वर आले, की आधी किंकाळी ऐकू येते आणि पाठोपाठ मिठाची बरणी बाहेर येते. मराठीत आपण दोन बाजूंनी बोलणाऱ्याला 'दुतोंडी गांडूळ' म्हणतो. उर्दूतल्या केंचुव्याच्या वाट्यालाही काही फारसा आदर येत नाही. या मित्राला आपण पुस्तकात जागा दिली, घरात मात्र दिली नाही. या महिन्यात त्याबद्दलच बोलू.

बाल्कनी हिरवी दिसते, हे या विषयाचे एक कारण झाले. दुसरे कारण याहून मोठे आहे. आपल्या स्वयंपाकघरातून रोज निघणारी भाजीची देठे, केळीची साले, चहाचा चोथा दाराबाहेरच्या डब्यात गेला म्हणजे संपला, असे आपण धरून चालतो. तो संपत नाही. तो आधी सफाई कामगाराच्या हातात जातो आणि मग कुणाच्या तरी वस्तीशेजारी जाऊन पडतो. मुंबईत ही वस्ती म्हणजे गोवंडी. देवनारच्या डम्पिंग ग्राउंडवर १९२७ पासून शहराचा कचरा पडत आला आहे. त्याच्या कडेला राहणाऱ्या लोकांत मोठी संख्या आपल्याच माणसांची आहे. जानेवारी २०१६ च्या अखेरीस तिथे मोठी आग लागली. धूर दिवसेंदिवस शहरावर होता आणि परिसरातल्या पालिका शाळा बंद ठेवाव्या लागल्या.

अशा ठिकाणी आग का लागते, हे मुलांना समजावून सांगण्यासारखे आहे. ओला कचरा ढिगाच्या आत दाबला गेला की त्याला हवा मिळत नाही. हवेविना कुजताना त्यातून मिथेन वायू तयार होतो आणि हा वायू पेट घेतो. त्याच केळीच्या सालीला हवा मिळाली आणि खाणारे जीव मिळाले, तर मिथेनऐवजी खत तयार होते. साल तीच असते, जागा बदलली की परिणाम बदलतो. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा वेगळा ठेवायला सांगितले ते याच हिशेबाने. पण आपण वेगळा केलेला कचरा पुढे एकत्र होणार नाही, याची खात्री आपल्या हातात नसते. घरातच मुरवलेल्या कचऱ्याची खात्री मात्र आपल्या हातात असते.

आता बादलीकडे वळू.

पहिली गोष्ट म्हणजे अंगणातली गांडुळे खणून आणू नका. जमिनीत खोल बिळे करून राहणारी गांडुळे वेगळी आणि पालापाचोळ्यात, वरच्या थरात राहून कुजके खाणारी वेगळी. आपल्याला दुसरी हवीत. गांडूळखत विकणाऱ्यांकडे मुख्यतः दोन जाती मिळतात: लालसर, लहान चणीची आयसेनिया फेटिडा आणि आकाराने मोठी, आफ्रिकन म्हणून ओळखली जाणारी युड्रिलस युजेनी. दुसरीला उबदार हवा मानवते, थंडी सोसत नाही. म्हणून कोकण आणि मुंबईकडे दोन्ही चालतात, पण नाशिक, औरंगाबादकडची थंडी लक्षात घेता पहिली बरी. सुरुवातीला पाव किलो गांडुळे पुरतात.

पंचवीस लिटरची झाकण असलेली जुनी बादली किंवा क्रेट घ्या. तळाला आणि बाजूंना तापल्या खिळ्याने भोके पाडा, खाली ताटली ठेवा. आत वीतभर अंथरूण करा. त्यासाठी वर्तमानपत्राच्या पट्ट्या, पुठ्ठ्याचे तुकडे, नारळाच्या शेंड्या, सुका पाला हे सगळे पाण्यात भिजवून पिळून घाला. वर मूठभर माती टाका. गांडुळाला दात नसतात, अन्न दळण्यासाठी त्याच्या पोटात मातीचे कण लागतात. मूठभर जुने खत घातले तर उत्तम. पुष्कळ ठिकाणी शेण घालायला सांगतात. ज्या घरात पाकी-नापाकीची शंका येते, त्यांनी ते खुशाल वगळावे. कुजलेल्या पाल्यावरही काम होते.

अंथरूण किती ओले हवे, याची परीक्षा सोपी आहे. मूठभर घेऊन दाबा. एक-दोन थेंब पडले तर बरोबर. धार लागली तर जास्त, काहीच आले नाही तर कमी. गांडूळ कातडीने श्वास घेते. कातडी सुकली तर ते गुदमरते, आणि सगळीकडे पाणी साचले तरीही गुदमरते.

पहिले दोन-तीन दिवस काही खायला घालू नका. नंतर रोज मूठभर, बारीक चिरलेले. त्यांच्यासमोरचे संपले की पुढचे. स्थिरावलेली गांडुळे रोज साधारण आपल्या वजनाच्या निम्मे खातात, म्हणजे पाव किलोला सव्वाशे ग्रॅम. यावरून एक गोष्ट उघड होते: पाच-सहा माणसांच्या घरातला सगळा ओला कचरा एका बादलीत मावणार नाही. उरलेल्यासाठी शेजारी एक भोके पाडलेला माठ ठेवा. त्यात ओल्या कचऱ्याच्या प्रत्येक थरावर सुक्या पाल्याचा थर द्यायचा. दहा-बारा दिवस अर्धवट कुजून त्यातली उष्णता उतरली, की तोच माल गांडुळांना द्यायचा. मऊ झालेले ते लवकर खातात.

काय द्यावे? भाजीची देठे, फळांची साले, साखर धुऊन काढलेला चहाचा चोथा, अंड्याच्या कवचाची भुकटी. काय देऊ नये? मांस, हाडे, चरबी, मासळीचे काटे, दूध-दही, तेलकट-तिखट रस्सा, मीठ. बिर्याणीचा उरलेला भात इथे चालत नाही, त्याचे तेल आणि मीठ दोन्ही गांडुळांना मारक आहेत. लिंबू-मोसंबीची साले आणि कांदा-लसूण अगदी थोडे. रमजानमध्ये कलिंगड आणि केळीच्या सालींचा ढीग पडतो. एका दिवशी सगळा ओतू नका, माठात मुरवून महिनाभर पुरवा. खजुराच्या बिया कुजत नाहीत, त्या बाजूला काढा. बकरी ईदचे काहीही या बादलीत जाऊ नये.

बादली बिघडली तर ती आधी सांगते. वास आला म्हणजे पाणी किंवा अन्न जास्त झाले, कोरडा कागद मिसळा आणि चार दिवस खाणे थांबवा. मुंग्या आल्या म्हणजे आत कोरडे पडले, पाणी शिंपडा. चिलटे आली म्हणजे अन्न उघडे राहिले, वर दोन बोटे कागदाचा थर द्या. गांडुळे भिंतीवर चढून पळू लागली, तर आत उष्णता किंवा आंबटपणा वाढला आहे, शेवटचे घातलेले काढून टाका. नीट चाललेल्या बादलीला पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो. शेजारणीला तक्रार करायला जागा राहत नाही.

अडीच-तीन महिन्यांत तळाचा माल चहाच्या भुकटीसारखा काळा, दाणेदार होतो. उजेडात प्लास्टिकवर त्याचे लहान ढीग करा. गांडुळांना उजेड सोसत नाही, ती खाली जातात. दर दहा-पंधरा मिनिटांनी वरवरचे खत काढत गेलात, की शेवटी गांडुळांचा गोळा उरतो. तो नव्या अंथरुणात परत ठेवायचा. ताटलीत गळणारे पाणी फेकून देण्यासारखे नाही, पण अमृतही नाही. दहापट पाणी घालून कुंडीच्या मातीला द्या. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पानांवर फवारू नका. घाण वास येत असेल तर वापरूच नका.

आता माती. शेतातली माती जशीच्या तशी कुंडीत भरली तर ती बसते. घाटावरची काळी माती ओली असताना चिकट होते, सुकली की भेगाळते. कोकणातल्या तांबड्या मातीतून पाणी लवकर निघून जाते. म्हणून कुंडीची माती घरी कालवावी लागते: एक भाग चाळलेली माती, एक भाग कोकोपीट, एक भाग गांडूळखत, वर मूठभर निंबोळी पेंड. कोकोपीट दोनदा धुऊन घ्या, त्यात क्षार असतात. खत एक तृतीयांशाहून जास्त नको, अधिक घातले म्हणून रोप लवकर वाढत नाही. कुंडीच्या तळाशी खड्यांचा थर देण्याची जुनी पद्धत आहे. त्याने पाण्याचा निचरा सुधारत नाही, उलट मुळांची जागा कमी होते. भोकावर कौलाचा एक तुकडा पुरतो.

कुणाला केवढे भांडे? मेथी, कोथिंबीर, पुदिन्याला सहा इंच खोली पुरते. मिरचीला दहा-बारा लिटर, टोमॅटोला वीस लिटर. तेलाचे डबे, फुटक्या बादल्या, गोणपाट चालते, रसायनांचे डबे नकोत. टोमॅटो-मिरचीला सहा तास ऊन हवे. ज्या खिडकीत तीन-चार तासच ऊन येते, तिथे पुदिना लावा. बाजारातल्या जुडीच्या जाड काड्या पाण्यात ठेवल्या की आठवडाभरात मुळे फुटतात. धणे चोळून दोन फाकी करून पेरावेत. आठ-दहा दिवसांत उगवतात, चाळीस दिवसांच्या आसपास खुडता येतात. मेथी तीन-चार दिवसांत वर येते आणि महिन्याभरात कापणीला. मिरचीवर पांढरा ढेकण्या पडला तर लिटरभर पाण्यात चमचाभर निंबोळी तेल आणि दोन थेंब साबण घालून संध्याकाळी फवारा.

वजूचे पाणी बादलीत धरता आले तर कुंड्यांना चालते, साबणाचे पाणी नको. कुंडीखालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा नक्की रिकाम्या करून घासा. साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो. गच्चीवर कुंड्या ठेवायच्या तर भिंतीकडेला, तुळईवर ठेवा. वीस लिटरचा ओला डबा वीस किलोच्या आसपास भरतो. इमारत जुनी असेल तर आधी जाणकाराला विचारा.

यातून घरखर्च किती वाचेल? फार नाही, आणि तशी आशा लावून कुणी सुरुवात करू नये. चार कुंड्यांतून घराची भाजी निघत नाही. पुदिना, कोथिंबीर, मिरची, आठवड्यातून एखाद्या वेळची मेथी निघेल. पण डब्यातून बाहेर जाणाऱ्या ओल्या कचऱ्यात पडणारा फरक पहिल्याच महिन्यात दिसतो. आणि मुलांना जे शिकायला मिळते, त्याचा हिशेब पैशात होत नाही.

आमच्याकडे काही पालकांचा आक्षेप येतो: मुलींना शाळेत शिकायला पाठवतो, कचऱ्यात हात घालायला नाही. आक्षेप आम्हाला समजतो. ज्या समाजांच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या घाणीचीच कामे दिली गेली, त्यांना आपल्या मुलांचे हात स्वच्छ हवेत यात चूक काय? पण आपण हात घातला नाही तर कचरा नाहीसा होत नाही. कुणाची तरी दुसऱ्याची मुलगी देवनारच्या कडेला त्याचा धूर श्वासात घेते. शिवाय हे विज्ञानच आहे. चार्ल्स डार्विनने आयुष्याच्या अखेरीस, १८८१ मध्ये, गांडुळांवर पुस्तक लिहिले. गांडुळांना ऐकू येते का, हे पाहण्यासाठी त्याने कुंड्यांत गांडुळे पाळली आणि त्यांच्यासमोर वाद्ये वाजवून घेतली. आवाजाला ती दाद देत नव्हती. तीच कुंडी पियानोवर ठेवून सूर वाजवला, की कंपनाने झटकन बिळात शिरत. असा प्रयोग करून पाहण्याची हौस ज्या मुलीला लागेल, तिचे शिक्षण कमी झाले असे कोण म्हणेल?

एक जबाबदारी मात्र नीट समजून घ्या. बादलीत सजीव आहेत. मे महिन्यात कुटुंब गावी निघाले आणि बादली उन्हात राहिली, तर ती आत शिजून मरतील. जाण्यापूर्वी ओल्या कागदाचा जाड थर, वर भिजवलेले गोणपाट आणि बादली सावलीत, एवढे केले तर दोन आठवडे निभतात. त्याहून जास्त दिवस असतील तर शेजारच्या खाला किंवा चाचींकडे सोपवून जा. पाळलेला जीव अमानत असतो, मग तो बकरीचा असो वा गांडुळाचा.

बादली आणण्यापूर्वी एक काम करा. सात दिवस घरातला ओला कचरा वेगळा ठेवून रोज रात्री तराजूवर तोला. वजन मुलांना वहीत लिहू द्या, त्यात शिजवून फेकलेले अन्न वेगळ्या रकान्यात. आठव्या दिवशी बेरीज करा. पहिला रकाना सांगेल की माठ केवढा घ्यायचा. दुसरा रकाना गांडुळांसाठी नाही, तो स्वयंपाक करणाऱ्या आणि ताट वाढून घेणाऱ्या आपल्या सगळ्यांसाठी आहे.