महाग गोळी म्हणजे चांगली गोळी का?



महिन्याची वीस तारीख उलटली की सांडोरच्या वस्तीत शुगरच्या गोळ्यांची पाकिटे रिकामी दिसू लागतात. पगार होईपर्यंत मग एक दिवसाआड गोळी. विचारले तर उत्तर ठरलेले असते: “ताई, डॉक्टरांनी नवीन पॉवरवाली दिलीय, महाग आहे. स्वस्तातली आता जुनी झाली.” जुनी म्हणजे वाईट, हे कोणी ठरवले?

औषधे पारखण्याची एक रीत आहे. चिठ्ठ्या टाकल्यासारखे रुग्णांचे गट पाडायचे, प्रत्येक गटाला वेगळा उपचार द्यायचा आणि वर्षानुवर्षे पाहायचे, की कोणाला अटॅक आला आणि कोण दगावले. ब्रिटनमध्ये १९७७ पासून वीस वर्षे ५१०२ मधुमेहींवर हे केले. त्यांत दहांत एक भारतीय वंशाचा होता. १९९८ मध्ये निकाल आला. वजन जास्त असलेल्यांत, मुख्यतः आहारावर ठेवलेल्या रुग्णांपेक्षा मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचे मृत्यू ३६ टक्क्यांनी कमी होते. हीच ती ‘जुनी’ गोळी. (बाबासाहेबांनाही मधुमेह होता. मेटफॉर्मिन मधुमेहींना दिल्याचा पहिला अहवाल १९५७चा, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतरच्या वर्षातला.)

पुढे महाग लिनाग्लिप्टिन आणि स्वस्त ग्लिमेपिराइड समोरासमोर तपासल्या गेल्या. सहा हजारांवर रुग्ण, सहा वर्षांहून जास्त काळ, आणि पैसा लिनाग्लिप्टिनवाल्या कंपन्यांचा. २०१९ चा निकाल असा: अटॅक, लकवा किंवा हृदयविकाराने मृत्यू महाग गोळीवर शंभरात ११.८, स्वस्तवर १२. फरक नाहीच म्हणा.

पण त्याच चाचणीतला दुसरा आकडा आपल्या बायांनी लक्षात ठेवावा. शुगर एकदम खाली जाण्याचा प्रसंग लिनाग्लिप्टिनवर शंभरात सुमारे ११ जणांना आला, ग्लिमेपिराइडवर ३८ जणांना. घाम सुटतो, हातपाय थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते, माणूस असंबद्ध बोलतो. गोळी घेऊन उपाशीपोटी पहाटेची लोकल पकडणाऱ्या घरकामगार बाईला हा धोका आहे. वर्षावासात अष्टशील घेऊन दुपारी बारानंतर न जेवणाऱ्या उपासिकेलाही आहे. उपोसथ करायचा तर आधी डॉक्टरांना सांगा, आणि पिशवीत साखरेची पुडी असू द्या. त्रास जाणवला तर ती लगेच खा. त्या वेळी शील मोडले म्हणून कोणी बोलले तर मला बोलवा.

नवे सगळेच नको, असेही नाही. हृदयविकार असलेल्या मधुमेहींना नेहमीच्या उपचारासोबत एम्पाग्लिफ्लोझिन दिल्यावर हृदयविकाराने होणारे मृत्यू ३८ टक्क्यांनी घटल्याचे २०१५ मध्ये दिसले. तेव्हा ती आपल्या खिशाबाहेरची होती. मार्च २०२५ मध्ये भारतात तिचे पेटंट संपले आणि अनेक कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या बाजारात आल्या. हृदयाचा त्रास असेल आणि डॉक्टर ती लिहीत असतील, तर जुनीचाच हट्ट धरू नका.

दवाखान्यात आपण मान हलवून उठतो. तसे न करता बसल्या जागी विचारा: “साहेब, ही गोळी मला आधीच्या गोळीपेक्षा कशासाठी चांगली? हृदयासाठी, की नुसती नवी म्हणून? महिनाभर परवडेल अशी दुसरी आहे का?” डॉक्टर चिडले तरी विचारा. मनाने मात्र गोळी बंद करू नका की बदलू नका. चिठ्ठीवर कंपनीच्या नावाऐवजी औषधाचे मूळ नाव लिहून मागा. तेच नाव जनऔषधी केंद्रात दाखवता येते.