दोन लाइन, खड्डा एकच

महापेच्या एका टेक पार्कमध्ये आमचं बारा जणांचं ऑफिस आहे. छोट्या कंपन्यांच्या पगाराचं काम करतो. गेल्या पावसाळ्याच्या आधी, नेमक्या 30 तारखेला, सकाळी साडेअकराला नेट गेलं. मी निवांत होतो. आपल्याकडे दोन लाइन आहेत ना! एका कंपनीची लीज लाइन आणि बॅकअपला दुसऱ्या कंपनीचं ब्रॉडबँड. दर महिन्याला दोघांना पैसे भरतो ते अशाच दिवसासाठी.

दुसरीही बंद.

खाली जाऊन बघतो तर गेटबाहेर जेसीबीनं पाण्याच्या पाइपासाठी चर खणलेला आणि दोन्ही कंपन्यांच्या फायबर एकाच डक्टमधून आलेल्या. एका फटक्यात दोन्ही गेल्या. पोरांनी मोबाइलचे हॉटस्पॉट चालू केले, पण बँकेचं पोर्टल फक्त आमच्या ऑफिसच्या ठरलेल्या आयपीवरूनच उघडतं, त्यामुळे ते सगळं वाया. फायबर जोडणारी माणसं चारला आली. सव्वासातला लाइन चालू झाली. तोवर आमच्या क्लायंटकडच्या लोकांचे फोन येत होते, त्यात एकाचा घराचा हप्ता पहिल्या तारखेचा होता. त्याला मी काय सांगणार, जेसीबी आला म्हणून?

आता करारातली गंमत बघा. 99.5 टक्के अपटाइम म्हटलं की ऐकायला झकास वाटतं. पण 30 दिवसांचे 720 तास, त्याचा अर्धा टक्का म्हणजे 3.6 तास. महिन्यात एवढा वेळ लाइन बंद राहिली तरी कंपनीनं करार पाळला असंच धरतात. त्याच्या वरच्या तासांसाठी आम्हाला लाइनच्या भाड्यात थोडी सूट मिळाली. बुडालेल्या कामाचा हिशोब कुठल्याच कलमात नाही. सही करताना हे मी वाचलं नव्हतं, ही माझी चूक.

आणि हे कुठे घडतंय? घणसोलीत जिओचं मुख्यालय. कोपरखैरणेत धीरूभाई अंबानी नॉलेज सिटी. ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात डेटा सेंटरच्या इमारती उभ्या राहिल्यात. वाशी स्टेशनवर सिडकोनं इन्फोटेक पार्क बांधलं तेव्हापासून नवी मुंबईला आयटीचं शहर म्हणायची सवय लागली आपल्याला. त्या डेटा सेंटरवाल्यांना विचारा, ते फायबर दोन वेगवेगळ्या रस्त्यांनी, दोन वेगळ्या बाजूंनी इमारतीत आणतात. लाइन दोन असून भागत नाही, वाटा दोन लागतात हे त्यांना पक्कं माहीत आहे. शेजारच्या गाळ्यातल्या बारा जणांच्या ऑफिसला मात्र हे कुणी सांगत नाही. विकणारा तर नाहीच नाही.

मग मी तिसऱ्या कंपनीला बोलावलं. त्यांची फायबर पार्कच्या मागच्या रस्त्यानं जाते, म्हणजे मला हवी तशीच. सर्व्हेला आलेल्या मुलाला मॅनेजमेंटनं गेटवरूनच परत पाठवलं. कारण? 'आमचं टाय-अप आहे, शाफ्टमध्ये बाहेरच्यांना परवानगी नाही.' अहो, शाफ्टच्या मेंटेनन्सचे पैसे कोण भरतंय?

इमारतीच्या आत सगळ्या दूरसंचार कंपन्यांना समान प्रवेश असावा, एकट्यादुकट्याशी करार करून बाकीच्यांना अडवू नये, अशी शिफारस ट्रायनं जानेवारी 2017 मध्येच केली होती. 2023 च्या दूरसंचार कायद्यात सामाईक डक्टची तरतूद आली. 2024 मध्ये ट्रायनं इमारतींना डिजिटल कनेक्टिव्हिटीसाठी स्टार द्यायचे नियम काढले, पण ते रेटिंग घ्यायचं की नाही ही मालकाची मर्जी. खोदकामासाठी मार्च 2023 पासून 'कॉल बिफोर यू डिग' ॲप आहे. खोदणाऱ्यानं आधी त्यात नोंद करायची, म्हणजे जमिनीखाली ज्यांच्या केबल आहेत त्यांना निरोप जातो. आमच्या गेटवरच्या जेसीबीवाल्याला मी त्याबद्दल विचारलं. त्यानं मुकादमाकडे बोट दाखवलं, मुकादमानं ठेकेदाराकडे. ठेकेदार साइटवर नव्हता.

मॅनेजमेंटची बाजूही अगदीच खोटी नाही. शाफ्ट सगळ्यांना मोकळा सोडला की दोन वर्षांत त्याचं कोळ्याचं जाळं होतं, जुन्या बंद पडलेल्या केबल कुणी काढत नाही, आग लागली तर तीच वात. मान्य. मग शिस्त लावा ना. लेबल लावल्याशिवाय केबल टाकायची नाही, कनेक्शन बंद झालं की केबल काढून न्यायची, नाहीतर डिपॉझिट जप्त. पण टाय-अपच्या नावाखाली एकालाच कुलपाची किल्ली द्यायची आणि वर त्याला सुरक्षा म्हणायचं, हे पटत नाही.

तुमचं ऑफिस तुर्भे, महापे, रबाळे, ऐरोली कुठेही असो, एक काम करा. दोन्ही कंपन्यांकडून लेखी मागा की फायबर कुठल्या रस्त्यानं येते आणि इमारतीत कुठून शिरते. नकाशासकट. आम्ही मागितला तेव्हा एकीनं चार दिवसांत दिला, दुसरीचा सेल्सवाला अजून 'बघतो सर' म्हणतोय. सध्या गच्चीवर रेडिओ अँटेना लावून तिसरी लाइन घ्यायची खटपट चालू आहे, म्हणजे खड्ड्याशी संबंधच नको. गच्चीचं भाडं वेगळं मागितलंय.

पार्कच्या असोसिएशनची मीटिंग पुढच्या शनिवारी आहे. शाफ्टचा विषय अजेंड्यावर घ्यायचं पत्र तयार आहे, आतापर्यंत सात गाळेवाल्यांनी सही केलीये. आमच्याच पार्कमधले कुणी हे वाचत असाल तर दुपारी जेवणाच्या सुट्टीत कँटीनजवळ या, पत्र माझ्याकडेच आहे.