परान्न कोणाचे?

माळव्यातील आपल्या जुन्या मराठी घरांच्या बैठकींत अलीकडे एक तक्रार हमखास ऐकू येते. नातवंडे इंदूरच्या इटालियन उपाहारगृहांत जाऊन जेवतात, पुरणपोळीचे त्यांना अप्रूप उरलेले नाही, आणि परमुलखात इतक्या पिढ्या जपलेली आपली पंगत आता मोडणार, असा तिचा आशय असतो. १७२८ सालच्या अमझेऱ्याच्या लढाईपासून आपला इथला इतिहास मोजणाऱ्या मंडळींना परंपरेची काळजी वाटावी, हे स्वाभाविकच आहे. परंतु ही विशिष्ट तक्रार आम्हांस मुळातच खोटी वाटते.

आधी पदार्थांचेच पाहू. एकादशीला आपल्या घरी साबुदाण्याची खिचडी होते. आज बाजारात मिळणारा साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद, बटाटा, शेंगदाणे आणि मिरची हे चारही जिन्नस मूळचे अमेरिका खंडातले; युरोपीय गलबतांनी ते जगभर पसरवले. हे सारे उपवासाला चालते, सोवळ्यातही बसते, आणि टोमॅटोच्या रसातला पास्ता मात्र संस्कृती बुडवतो! टोमॅटो इटलीलाही असाच परका होता, हे जाता जाता सांगून ठेवतो.

आणि पास्ता तरी आपल्याला कुठे नवा आहे? लग्नघरी दुपारच्या वेळी बायका गोल करून बसत आणि गव्हले, नखुले, मालत्या, बोटवे वळत. रुखवतात त्यांची ताटे मांडली जात. दक्षिण इटलीतल्या बायका अंगठ्याने दाबून कानाच्या आकाराचा जो पास्ता करतात, तो पाहिला तर आपल्या आज्यांनी त्याला खिरीचेच साहित्य म्हटले असते. गहूही एकाच जातीचा. आपण शेवयांसाठी बन्सी गव्हाचा रवा मागतो, कारण तो कणखर असतो, तार तुटत नाही. माळव्यात ह्यालाच कठिया म्हणतात आणि कृषिशास्त्रात डुरम. इटलीने १९६७ साली कायदाच केला की बाजारात विकायचा वाळवलेला पास्ता ह्या डुरमच्याच रव्याचा असावा. इंदूरच्या गहू संशोधन केंद्राने ह्याच जातीचे 'मालवशक्ती', 'पूसा तेजस' असे वाण दिले. बाफले आणि लापशी खाणाऱ्या मुलखाला इटलीचा गहू परका म्हणणे हे अज्ञान आहे.

मनावरचे आमचे एक स्नेही आहेत, भिलाला समाजातले जाणते शेतकरी. मध्यंतरी काही कामाने ते इंदूरला आले असता आम्ही दोघे अशाच एका इटालियन उपाहारगृहात जेवलो. त्यांनी पास्त्याची एक नळी बोटांत दाबून पाहिली आणि हा कठिया आहे, असे सांगून टाकले. वाढप्याने हा गहू परदेशचा असल्याचे मोठ्या अभिमानाने कळवले, त्यावर ते नुसते हसले. पुढे मक्याचा घट्ट शिजवलेला 'पोलेन्ता' आला. उत्तर इटलीत हे एके काळी गरिबांचे अन्न; केवळ त्याच्यावर राहणाऱ्यांना पेलाग्रा हा रोग जडे. निमाडातही मका पिकतो. त्याची रोटी, त्याची राबडी तिथल्या आदिवासी घरांत रोजची. आपल्या किती घरांनी ती चाखली असेल?

जेवता जेवता स्नेह्यांनी आपल्या वडिलांची एक आठवण सांगितली. ते बैलगाडीने गहू घेऊन घाट चढत आणि धारच्या एका मराठी वाड्यात पोहोचवत. गहू थेट कोठीघरात जाई, त्याच्या शेवया होत, नैवेद्यही होई. गहू आणणाऱ्याला मात्र अंगणात पत्रावळ मिळे, आणि जेवण झाले की ती त्यालाच उचलावी लागे. स्नेह्यांनी हे कोणत्याही कडवटपणाशिवाय सांगितले, उलट त्या घरच्या आमटीची स्तुतीच केली. आम्हांस विचाराल तर पंगत मोडण्याची खरी गोष्ट ही आहे. धान्य पंक्तीत बसले, माणूस बसला नाही.

ह्या वृत्तीचा इतिहास आपल्याला ठाऊक नाही असे नाही. १४ ऑक्टोबर १८९० रोजी पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली. त्यांत रानडे होते, टिळक होते. 'पुणे वैभव'ने नावे छापली, ग्रामण्य झाले, प्रायश्चित्तापर्यंत मजल गेली. चहा कुठल्या मळ्यातला, ह्याची चौकशी कोणी केली नाही. तो कोणाच्या घरी आणि कोणाबरोबर घेतला, एवढाच गुन्हा होता. आजच्या तक्रारीत जात उच्चारली जात नाही, तेवढा सभ्यपणा आला आहे. पण 'आपली पंगत' म्हणताना 'आपली' ह्या शब्दावर जो जोर पडतो, तो जुनाच आहे. उपाहारगृहातल्या मेजाला ओसरी आणि माजघर नसते. आपल्या नातवंडांच्या शेजारी तिथे पाटीदार बसतो, बोहरा बसतो, भिलाला बसतो, आणि सगळे एकाच ताटलीतला पिझ्झा तोडून खातात.

इटालियन म्हणून जे काही खपते ते सारे उत्तम, असे आमचे म्हणणे नाही. मैद्याची जाड भाकरी आणि तिच्यावर चीजचा थर, ह्यासाठी मोजावी लागणारी किंमत पाहून आम्हीही कपाळाला हात लावतो. प्रकृतीच्या दृष्टीने तक्रार असेल तर ती वैद्याने जरूर करावी. संस्कृतीच्या नावाने करणाऱ्यांना मात्र आमची एक सूचना आहे. येत्या कोजागरीला मंडळाचे स्नेहभोजन होईल. त्याच्या निमंत्रितांची यादी कार्यकारिणीने ह्याच पत्रिकेच्या पुढील अंकात छापावी, आणि तीत मराठी नसलेली आडनावे किती, हेही शेजारी द्यावे.