पगार चालतो, आडनाव अडतं

माझ्या खालाचा मुलगा मूळचा घोटीचा. त्याचे अब्बा इथल्या भाताच्या गिरणीत हमाल होते. आता तो बर्मिंगहॅमला गोदामात काम करतो, भाभी वृद्धांच्या केअर होममध्ये. दोघांचे पगार साधेच, तरी त्यांनी घर घेतलं. म्हणजे घराचे 40 टक्के घेतले.

ब्रिटनमध्ये याला ‘शेअर्ड ओनरशिप’ म्हणतात. साधारण 10 ते 75 टक्के हिस्सा आपण विकत घ्यायचा, उरलेल्याचं भाडं भरायचं. लंडनबाहेर कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 80 हजार पौंडांच्या आत हवं. समजा घर 2 लाखांचं, तर 40 टक्के म्हणजे 80 हजार. त्यातले दहा टक्के, 8 हजार, आधी हातात लागतात आणि बाकीचं कर्ज. हिस्सा 40 टक्के असला तरी सर्व्हिस चार्ज मात्र पूर्ण भरावा लागतो, हे सही करण्याआधी वाचा. व्याज नको असणाऱ्यांसाठी बँकेसोबत भागीदारीत घर घेण्याची पद्धतही आहे. तिच्यावर दोनदा बसणारी स्टॅम्प ड्यूटी कायद्याने काढली गेली. आणि तिथे राहणाऱ्या भारतीयाला राष्ट्रकुलातला नागरिक म्हणून मतदार यादीत नाव घालता येतं. कर्जासाठी पत तपासताना ती नोंद कामी येते. तिकडे गेलात तर हे काम आधी उरका.

त्याच्याकडे पगाराच्या स्लिपा मागितल्या, व्हिसा पाहिला. ‘‘भाई, नाव फक्त फॉर्मवर लिहिलं,’’ तो म्हणाला. मी इंजिनिअर. पुण्यात फ्लॅट बघत होतो तेव्हा माझं कर्ज मंजूर होतं. एजंटने नाव ऐकलं आणि ‘‘सोसायटीची जरा अडचण आहे’’ म्हणून फोन ठेवला.

यावरून तिकडचे लोक भले आणि इकडचे वाईट, असं कुणी म्हणू नये. त्याच बर्मिंगहॅममध्ये, स्पार्कब्रुक भागात, साठच्या दशकात आशियाई कामगारांना धड कर्ज मिळत नव्हतं. त्यांनी मोठी, जुनी, पडकी घरं घेतली आणि खोल्या भाड्याने देऊन हप्ते फेडले. वंशभेदाविरुद्धच्या 1965 च्या कायद्यात घरांचा विषयच नव्हता. तो 1968 च्या कायद्यात आला. धर्मावरून घर नाकारण्याला बंदी यायला 2006 उजाडलं. माणसं एका रात्रीत सुधारली नाहीत, पण नकार देणं महाग झालं.

आपल्याकडे असा कायदा नाही. उलट 2005 मध्ये अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीच्या खटल्यात, सभासदत्व एका समाजापुरतं ठेवणारा उपविधी सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवला. घरमालकाने विकायचंच नाही म्हटलं, की दाद कुठे मागायची हा प्रश्न उरतोच. भाडेकरूची अवस्था त्याहून वाईट.

तरी जे हाताशी आहे ते आपण वापरतो का? महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा 1960 चा. त्यानुसार पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही. नकार द्यायचा तर कारणासह कळवावा लागतो आणि त्याविरुद्ध निबंधकाकडे अपील करता येतं. तीन महिने सोसायटी गप्प बसली, तर अर्जदार सभासद झाला असं धरलं जातं. पण यासाठी कागद लागतो, आणि आपण एजंटच्या फोनवरच माघार घेतो. तेव्हा विकणारा तयार असेल तर अर्ज लेखी द्या, पोच घ्या, आणि ‘अडचण आहे’ म्हणणाऱ्या सेक्रेटरीला ती अडचण सोसायटीच्या लेटरहेडवर लिहून द्यायला सांगा.