उत्परिवर्तन म्हटले की धोकाच का?

कोविडच्या साथीनंतर ‘उत्परिवर्तन’ हा शब्द बातमीत दिसला की धोका वाढला, असेच वाचक समजतो. कर्करोगास कारण ठरणाऱ्या विषाणूंच्या बाबतीत हे गृहीतक तपासून घ्यायला हवे. तेथे अनेकदा उलटेच आढळते.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागचा प्रमुख विषाणू म्हणजे एचपीव्ही-१६. त्याचे ई-७ हे प्रथिन अवघ्या ९८ अमिनो आम्लांचे. स्वतःच्या प्रती काढण्यासाठी या विषाणूला पेशीची डीएनए घडवणारी यंत्रणा लागते. पण तो ज्या पेशींत वाढतो, त्यांचे विभाजन थांबत आलेले असते. ई-७ हे पेशीतील रेटिनोब्लास्टोमा प्रथिनाला बांधते आणि विभाजनावरचा लगाम सुटतो. अशी बेबंद पेशी एरवी पी-५३ या प्रथिनामुळे स्वतःला संपवते. ई-६ त्या पी-५३ चाच नाश घडवून आणते. विषाणूला हवी असते ती प्रतिकृती. पेशीचे कर्करोगी रूपांतर हा तिचा दुष्परिणाम होय.

भिलाईत रुळांचे पोलाद घडताना कार्बनचे प्रमाण किंचित बदलले तरी पोलादाचा गुणधर्म बदलतो. प्रथिनाचेही तसेच. चामखीळ निर्माण करणाऱ्या, तुलनेने निरुपद्रवी एचपीव्ही-६ च्या ई-७ मध्ये एका जागी ग्लायसीन असते. एचपीव्ही-१६ मध्ये तेथे अ‍ॅस्पार्टिक आम्ल असते. एवढ्या एका बदलाने पेशी रूपांतरित करण्याची क्षमता वाढते, हे १९९२ मध्येच प्रयोगांनी दाखवले. याउलट एसव्ही-४० या विषाणूच्या ‘लार्ज टी’ प्रथिनात १०७ व्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी लायसीन आले, तर प्रतिकृती चालू राहते, पण रूपांतराची क्षमता लोपते. म्हणजे ही दोन कार्ये वेगळी करता येतात.

मग रुग्णांमध्ये काय दिसते? २०१७ मध्ये ‘सेल’ या नियतकालिकात एचपीव्ही-१६ची बाधा झालेल्या ५,५७० स्त्रियांच्या नमुन्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कर्करोग वा त्याची पूर्वावस्था असलेल्यांमध्ये ई-७ जवळजवळ अबाधित होते. त्याची रचना बदलणारी उत्परिवर्तने निरोगी स्त्रियांमधील विषाणूंत अधिक होती. ई-७ बिघडले, की बहुधा कर्करोगाची वाटच खुंटते.

यातून धोरणाचा मुद्दा निघतो. ज्याच्यामुळे धोका आहे ते प्रथिन स्थिर असेल, तर प्रत्येक नव्या उत्परिवर्तनाचा पाठलाग करीत बसण्याचे कारण नाही. विषाणू आहे की नाही, हे वेळेत कळणे पुरेसे मोलाचे आहे. याचा पुरावा उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात मिळाला. तेथील ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांवरील चाचणीचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. एकदाच केलेल्या एचपीव्ही डीएनए तपासणीच्या गटात ३४,१२६ स्त्रियांपैकी ३४ जणी या कर्करोगाने दगावल्या. तपासणी न झालेल्या गटात ३१,४८८ पैकी ६४.

पुण्यात तयार होणाऱ्या ‘सर्व्हाव्हॅक’ लशीला २०२२ मध्ये मान्यता मिळाली. ती विषाणूच्या बाह्य कवचातील एल-१ प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे घडवते. त्यामुळे विषाणूला पेशीत शिरण्याची आणि ई-७ ला तेथे तयार होण्याची संधीच मिळत नाही. पण ज्यांना आधीच बाधा झाली आहे, त्यांच्यासाठी तपासणीच हवी.

म्हणून विद्यार्थ्यांनी अशी बातमी वाचताना तीन प्रश्न विचारावेत : बदल कोणत्या प्रथिनात झाला? त्याने कोणते बंधन तुटले किंवा घट्ट झाले? आणि मोजले काय, प्रतिकृती की रूपांतर? शासनाला मात्र एकच प्रश्न विचारावा : तिशी ओलांडलेल्या प्रत्येक स्त्रीपर्यंत ही एक तपासणी कधी पोहोचणार?