पारण्याविना उपवास

जालना जिल्ह्यासारख्या कोरडवाहू मुलखात आहारविकारांची चर्चा करणे हा अप्रस्तुतपणा आहे, असे म्हणणारे सद्गृहस्थ पुष्कळ आहेत, आणि त्यांचे म्हणणे प्रथमदर्शनी इतके सयुक्तिक वाटते की त्याचा परामर्श घेतल्यावाचून पुढे जाणे उचित होणार नाही. ते म्हणतात की ज्या मुलखातील वडीलधाऱ्यांनी १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून, सुकडी आणि तांबडी मिलो खाऊन दिवस काढले, तेथील एखादी मुलगी भरल्या ताटावरून उठून जात असेल तर तो रोग नव्हे, ती थेरे आहेत; आणि रोग असलाच तर तो मुंबई-पुण्याचा, आरशासमोर तासन्‌तास उभे राहण्याची ऐपत असणाऱ्यांचा. त्यावर इलाजही ठरलेला असतो: दोन थपडा, नाहीतर दृष्ट काढणे, नाहीतर चांगले स्थळ.

हा पूर्वपक्ष भुकेचे स्वरूप न ओळखल्यामुळे उभा राहतो. १९४४-४५ साली अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज या शास्त्रज्ञाने छत्तीस निरोगी तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवून भुकेचे परिणाम नोंदविले. हे तरुण विलासी नव्हते, आरशाला भुललेले नव्हते. युद्धात शस्त्र धरण्यास नकार देणारे आणि उपासमारीने गांजलेल्या जगाला उपयोग व्हावा म्हणून आपण होऊन पुढे आलेले असे ते सत्प्रवृत्त लोक होते. वजन चतुर्थांशाने उतरेपर्यंत त्यांची अवस्था अशी झाली, की ते पाककृतींची पुस्तके वाचीत बसू लागले, एकेक घास घोळवून घोळवून खाऊ लागले, ताटे चाटू लागले, माणसांत मिसळेनासे झाले. आणि पोटभर अन्न पुन्हा मिळू लागल्यावरही कित्येकांना खाण्यावर ताबा ठेवणे महिनोन्‌महिने जमले नाही. उपासमार लादलेली असो की स्वतःहून पत्करलेली, एका मर्यादेपलीकडे ती मनाचा कारभार आपल्या हाती घेते आणि मग त्या मनाला उपदेश करणे व्यर्थ असते. ज्यांनी बहात्तर साल डोळ्यांनी पाहिले, त्यांना तर हे इतरांपेक्षा लवकर उमगायला हवे.

आपल्याकडे हा विकार दिसत नाही असे म्हणतात. मला वाटते, आपल्याकडे त्याला लपायला जागा फार आहे. ज्या घरात पुरुष आणि पोरे आधी जेवतात आणि बाया चुलीपाशी मागाहून बसतात, तेथे कोणी किती खाल्ले याची नोंद कोण ठेवणार? अशा मुलीचे ताट कधी जवळून पाहावे. ती ज्वारीच्या भाकरीचा पापुद्रा हलक्या हाताने सोडवते, त्याचे नखाएवढे तुकडे करते, ते वरणात कालवते आणि कालवलेले ताटाच्या कडेकडेने असे पसरवते की ताट उष्टे दिसावे. मध्ये दोन तांबे पाणी पिते आणि उरलेली चतकोर म्हशीपुढे टाकून येते. वैशाखात ती अंगाभोवती शाल गुंडाळून बसते, फणीत केसांचे पुंजके येतात, दंडावर बारीक लव उगवते, पाळी बंद होते. या सर्वांवर पांघरूण घालायला उपवास असतोच. आरंभी सोमवार, मग गुरुवार, मग संकष्टी, मग महिन्याच्या दोन्ही एकादश्या. आणि आजी शेजारणीला कौतुकाने सांगते, ‘आमची पोर लई देवभोळी हाय.’

डॉक्टरकडे नेली तरी ‘मला जाड होण्याची भीती वाटते’ असे शब्द तिच्या तोंडून येतीलच असे नाही. ‘भूकच लागत नाही, पोट फुगतं, उलटी होते’, एवढेच ती सांगेल. हाँगकाँगच्या सिंग ली या मनोविकारतज्ज्ञाने १९९० च्या सुमारास असेच रुग्ण वर्णिले, आणि १९९५ साली दिल्लीच्या तज्ज्ञांनी ज्या पाच भारतीय तरुणींची हकीकत प्रसिद्ध केली, त्यांतही जेवण नाकारणे, उलट्या आणि वजन घटणे एवढे होते, स्वतःच्या देहाविषयीचा विपर्यस्त समज नव्हता. पाश्चात्त्य पुस्तकातले लक्षण मिळाले नाही म्हणून रोग नाही असे ठरविणे, हे दाखला नाही म्हणून माणूसच अस्तित्वात नाही असे म्हणण्यासारखे आहे.

दुसरा पूर्वपक्ष सुशिक्षितांचा आहे, आणि मला तो अधिक विचारार्ह वाटतो. त्यांच्या मते या दुखण्याचे मूळच आपल्या संस्कृतीत आहे: उपवासाचे माहात्म्य, कुटुंबाची दडपशाही, लग्नाच्या बाजारात मुलीचे रंगरूप तोलण्याची चाल. सबब मुलीला या सर्वांपासून तोडावे, छापील आहारतक्ता द्यावा आणि एकट्या समुपदेशकाच्या स्वाधीन करावे. यातील लग्नाच्या बाजारासंबंधीचा आरोप मी निमूट मान्य करतो. मुलगी पाहायला आलेल्या माणसांनी तिच्यासमोर तिच्या अंगाची चर्चा केलेली मी ऐकली आहे आणि तो प्रकार निखालस हीन आहे. परंतु कुटुंबाला रोग्यापासून दूर सारण्याची कल्पना नवी नाही. अन्न नाकारण्याच्या या विकाराला ॲनोरेक्सिया हे नाव देणाऱ्या लंडनच्या विल्यम गल यांनी १८७३ च्या सुमारासच लिहून ठेवले होते की अशा रुग्णांच्या शुश्रूषेला आप्तस्वकीय हे सर्वांत वाईट. पुढे शंभर वर्षांनी त्याच लंडनमधील मॉड्स्ली रुग्णालयात नेमका उलट निर्णय झाला: आईबापांना दोषी न धरता, मुलीला जेऊ घालण्याची जबाबदारी त्यांच्याच हाती सोपवावी, त्यांनी प्रत्येक जेवणाला तिच्याजवळ बसावे, आणि प्रकृती सुधारेल तसतसा ताबा तिला परत द्यावा. किशोरवयीन मुलींच्या बाबतीत आज हीच पद्धत प्रमाण मानली जाते. लंडनला जे शंभर वर्षांनी सुचले, त्याला लागणारी पंगत आपल्या माजघरात आधीच मांडलेली आहे. मुलीला त्या पंगतीत बसवायचे तेवढे राहिले आहे.

आता उपवासाविषयी. व्रताची शास्त्रीय चौकट पाहिली तर तीत तीन गोष्टी अनिवार्य दिसतात: संकल्प, अवधी आणि पारणे. एकादशीला द्वादशी आहे. राजूरच्या गणपतीला अंगारकीला पायी जाणारा भाविक चंद्रोदयानंतर जेवतो. अंबडच्या मत्स्योदरीच्या नवरात्राला शेवट आहे. इतकेच नव्हे, तर धर्मशास्त्राने व्रतभंग न करणाऱ्या ज्या आठ गोष्टी सांगितल्या, त्यांत पाणी, कंदमुळे, फळे आणि दूध यांच्याबरोबर गुरूचे वचन आणि औषध यांचीही गणना स्पष्टपणे केलेली आहे. गीतेने मुळीच न खाणाऱ्याला योग साधत नाही असे सांगितले. देह सुकवून बोध होत नाही हे अनुभवून बुद्धाने सुजातेची खीर स्वीकारली. आणि याच जिल्ह्यातील जांब येथे १६०८ साली जन्मलेल्या समर्थांनी गावोगाव बलोपासनेसाठी मारुती स्थापन केले. तेव्हा ज्या उपवासाला पारणेच नाही, जो या सोमवारी सुरू होऊन पुढच्या सोमवारी नुसता वाढतो, तो उपवास आपल्या परंपरेतला नव्हेच. मुलीला ‘देवधर्म सोड’ असे सांगणारा समुपदेशक तिच्या हातातली एकमेव काठी काढून घेतो. ‘तुझे व्रत पुरे झाले, आता पारणे कर’ असे ज्यांचा शब्द ती मानते अशा कीर्तनकाराने किंवा आजीने सांगितले, तर तिला मान खाली न घालता घास घेता येतो.

याचा अर्थ औषधोपचाराला रजा द्यावी असा नाही, आणि येथे मला तिसऱ्या पक्षाचे खंडन अत्यंत कठोरपणे करावे लागते. आजकाल ‘सर्वांगीण’ हे विशेषण लावून जो तो काढा, प्राणायाम आणि सात्त्विक आहाराची व्याख्याने विकतो, आणि धान्य वर्ज्य, तेल वर्ज्य, साखर वर्ज्य अशी यादी देऊन आधीच वर्ज्यांनी वेढलेल्या मुलीभोवती आणखी एक भिंत बांधतो. सर्वांगीण या शब्दात अंग आहे, हे त्यांनी विसरू नये. ॲनोरेक्सिया हा सर्वाधिक प्राणघातक मनोविकारांपैकी एक आहे. वारंवार उलट्या करणाऱ्या मुलीच्या रक्तातील पोटॅशियम उतरून हृदय बंद पडू शकते, आणि दीर्घ उपासमारीनंतर एकदम भरपूर खाऊ घातले तर फॉस्फेट घसरून तोच घात होतो. म्हणून वजन, नाडी, रक्तदाब, रक्ततपासणी आणि हृदयाचा आलेख यांची तजवीज प्रथम, बाकीचे त्यानंतर. दीर्घ उपोषणाचे पारणे मुगाच्या पाण्याने करणाऱ्या जुन्या लोकांना फॉस्फेट ठाऊक नव्हते, पण ते एकदम ताट वाढीत नसत.

देह सावरला की मग घर. आहारतक्त्यात ओट्स आणि ब्रोकोली लिहून देणे म्हणजे जालन्याच्या आईला तिच्याच स्वयंपाकघरात परके करणे होय. ज्या हातांना येसराची आमटी, धपाटे-दही आणि शेंगदाण्याची चटणी येते, त्या हातांना ‘दिवसातून पाच वेळा, ठरल्या वेळी, इतके’ एवढेच सांगावे. पौषात हुरड्याला शेतात नेले तर तिथे कोणी कोणाचे ताट मोजत नाही, आणि तळहातावर चोळलेले गरम दाणे एखादे वेळी त्या मुलीच्याही तोंडात जातात. घरात तिच्या देहाविषयी बोलणे मात्र संपूर्ण बंद असावे, ‘आता जरा भरलीस’ हे कौतुकसुद्धा नको, कारण तिला ते शिव्यांसारखे लागते.

उपचारांची साधने अपुरी आहेत हे खरे, परंतु शून्य नाहीत. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे, शासकीय रुग्णालय आहे, आणि २०२२ पासून टेली-मानसची १४४१६ ही निःशुल्क सेवा मराठीतही बोलते. माझी जालना, परतूर, मंठा, भोकरदनच्या प्रत्येक घराला हात जोडून विनंती आहे: मुलीचे वार वाढले असतील, उन्हाळ्यात तिला थंडी वाजत असेल, तर पुढच्या सोमवारची वाट न पाहता तिला दवाखान्यात न्यावे, आणि त्याच रात्री घरातल्या बायकांची पाने पहिल्या पंगतीला मांडून तिला आईच्या शेजारी जेवायला बसवावे.