पेन्शनच्या वाटाघाटीत तरुणांनाही खुर्ची द्या

मा. मुख्यमंत्री, मा. वित्तमंत्री, तसेच राज्य सरकारी-निमसरकारी कर्मचारी व शिक्षक संघटनांच्या समन्वय समितीचे पदाधिकारी यांस,



मी निवृत्त माध्यमिक शिक्षक. जुन्या नियमाने पेन्शन घेतो. ठरलेली रक्कम दरमहा खात्यावर पडते, महागाई भत्ता वाढला की तीही वाढते. नोव्हेंबरात बँकेत जाऊन हयातीचा दाखला दिला की वर्षभराची काळजी मिटते. म्हातारपणी मुलांपुढे हात पसरावा लागत नाही याचं मोल मला चांगलं ठाऊक आहे. म्हणून पेन्शन मागणाऱ्याला लोभी ठरवणाऱ्यांत मी नाही. 1 नोव्हेंबर 2005 रोजी किंवा त्यानंतर नोकरीला लागलेल्यांवर अन्याय झाला, असंच माझं मत आहे. एकाच स्टाफरूममध्ये बसणाऱ्या दोघांपैकी एकाला शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी रक्कम हमखास आणि दुसऱ्याला बाजार देईल ते. कित्येकांना डीसीपीएस या नव्या अंशदायी पेन्शन योजनेतल्या कपातीच्या हिशेबचिठ्ठ्याही वेळेवर मिळाल्या नाहीत. नव्या योजनेतला माणूस सेवेत असताना गेला तर त्याच्या घरच्यांना कुटुंब निवृत्तिवेतन मिळावं, या साध्या मागणीचा शासन निर्णयसुद्धा जुन्या पेन्शनसाठी कर्मचाऱ्यांनी केलेल्या 2023 च्या संपानंतरच निघाला.

तरीही त्या संपाबद्दल आणि त्यानंतर झालेल्या तडजोडींबद्दल तुम्हा दोन्ही बाजूंना काही विचारायचं आहे. तुम्ही टेबलाच्या दोन बाजूंना बसलात, पण ज्यांच्या पुढच्या आयुष्याचा सौदा तिथे होत होता त्यांच्यातलं कुणीच त्या खोलीत नव्हतं.

14 मार्च 2023 ला संप सुरू झाला आणि 20 मार्चला मागे घेतला गेला. तेव्हा दहावी-बारावीच्या परीक्षा चालू होत्या. त्याच आठवड्यात राज्यभर अवकाळी पाऊस आणि गारपीट झाली. गहू, हरभरा, कांदा, द्राक्षबागा आडव्या झाल्या आणि पंचनामे करायचे ते तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहाय्यक संपावर होते. सरकारी रुग्णालयांत शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. संप म्हटला की गैरसोय होणारच, आणि संपाचा हक्क मी नाकारत नाही. पण ज्याच्या शेतात गारांचा खच पडलाय आणि ज्याची पोरगी त्याच आठवड्यात बोर्डाचे पेपर देते आहे, त्या बापाने तुमच्या घोषणेत स्वतःला कुठे शोधायचं, याचा विचार संघटनांनी करायला हवा होता.

माझा एक माजी विद्यार्थी पंचायत समितीत कंत्राटी संगणक चालक आहे. अकरा महिन्यांची ऑर्डर, मग एक दिवसाचा खंड, मग नवी ऑर्डर. संपाच्या दिवसांत कायम कर्मचारी बाहेर मंडपात बसले होते आणि हा आत एकटा संगणकापुढे. लोक येत, साहेब कधी येतील म्हणून विचारत. याला लोकांचे अर्ज भरता येत होते, त्यांवर सही करता येत नव्हती. मंडपात जाऊन बसायची सोय त्याला नव्हती, कारण पुढची ऑर्डर निघालीच नसती. बाहेरच्या घोषणा त्याला पाठ झाल्या होत्या. “सर, त्यांचं बरोबरच आहे हो,” तो मला म्हणाला, “पण त्यात माझं काय?”

समन्वय समितीच्या मागण्यांत रिक्त पदं भरा, कंत्राटींना कायम करा, हेही होतं. मग संप मागे घेताना त्याचं काय झालं? पेन्शनसाठी तीन निवृत्त सनदी अधिकाऱ्यांची समिती नेमली होती. कंत्राटी पोरांसाठी मुदतीसह काय ठरलं? उलट त्याच मार्च महिन्यात सरकारने नऊ खासगी संस्थांमार्फत बाह्यस्रोतातून मनुष्यबळ घेण्याचा मार्ग मोकळा केला. ऑक्टोबरात तरुण रस्त्यावर उतरले तेव्हा कुठे तो निर्णय रद्द झाला. एका हाताने आत असलेल्यांना पेन्शनचं आश्वासन आणि दुसऱ्या हाताने बाहेर असलेल्यांसाठी कायमच्या नोकरीचं दार बंद, हे एकाच महिन्यात घडलं, याचा मला आजही राग येतो.

संपाच्याच दिवसांत कोल्हापुरात बेरोजगार तरुणांनी मोर्चा काढला. निम्म्या पगारावर काम करायला तयार आहोत, असं ते म्हणत होते. मास्तर म्हणून मला ते ऐकवलं नाही. हक्काच्या पगाराची किंमत कळण्याआधीच तो निम्मा करून मागणारी पिढी आपण तयार केली. त्या पोरांना कर्मचाऱ्यांचे शत्रू म्हणू नका. 2023 च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांवर जागांसाठी दहा लाखांहून जास्त अर्ज आले आणि खुल्या प्रवर्गातल्या प्रत्येकाने परीक्षेसाठी हजार रुपये भरले. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेचं भाडं आणि मेसचे पैसे घरून मागवणाऱ्याला हजार रुपये किती होतात, हे त्याच्या आईला विचारा.

आता पैशाचं. डिसेंबर 2022 मध्ये नागपूरच्या अधिवेशनात तेव्हाच्या उपमुख्यमंत्र्यांनी सांगितलं की जुनी पेन्शन दिली तर 1 लाख 10 हजार कोटींचा बोजा पडेल. पुढच्याच महिन्यात शिक्षक मतदारसंघांची निवडणूक आली आणि सूर बदलला. तो आकडा खरा होता की निवडणूक खरी होती, एवढं तरी सांगायला हवं होतं. 2006 साली पंचविशीत लागलेला लिपिक 58 व्या वर्षी, म्हणजे 2039 मध्ये निवृत्त होईल. खरी देणी तेव्हापासून फुगणार. संपाच्या त्या मार्चमध्ये दहावीचा पेपर देणारा पंधरा वर्षांचा मुलगा 2039 मध्ये एकतीस वर्षांचा असेल. बिल त्याच्या हाती येईल. आज निर्णय घेणाऱ्याला मात्र जुनी पेन्शन आणणं स्वस्त पडतं, कारण खात्यात भरायचा सरकारचा 14 टक्के हिस्सा वाचतो आणि मतं लगेच मिळतात. म्हणूनच मला धास्ती वाटते. ऑगस्ट 2024 मध्ये केंद्राने एकीकृत पेन्शन योजना जाहीर केली आणि दुसऱ्याच दिवशी आपल्या मंत्रिमंडळाने ती स्वीकारली. पंचवीस वर्षं सेवा झालेल्याला शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मी पेन्शन. योजना चांगली असेल, तिच्यात निदान अंशदान तरी आहे. पण इतक्या मोठ्या निर्णयाला एक दिवस पुरतो आणि भरतीच्या एका जाहिरातीला वर्षं का लागतात?

सरकारकडे मागणं असं: येत्या अर्थसंकल्पी अधिवेशनात पुढच्या तीस वर्षांच्या पेन्शनच्या देण्यांचा वर्षवार हिशेब विधिमंडळापुढे ठेवा, आणि त्याच दिवशी प्रत्येक खात्यातली रिक्त पदं व ती भरण्याच्या तारखाही ठेवा. एकाशिवाय दुसरं मांडू नका.

संघटनांच्या मित्रांनो, पुढच्या वेळी वाटाघाटीला जाताना तुमच्याच कचेरीतला एक कंत्राटी कर्मचारी आणि अभ्यासिकेतली एखादी उमेदवार सोबत न्या. त्यांची मागणी शेवटच्या कलमात ढकलू नका, आणि तिच्यावर लेखी मुदत मिळाल्याशिवाय संप मागे घेऊ नका. आम्हा पेन्शनरांच्या संघटनेतही मी हाच ठराव मांडणार आहे. आमच्यातले काही नाराज होतील, पण मी ते बोलणारच.

तुमच्या उत्तराची वाट पाहतो.

आपला,
एक निवृत्त शिक्षक